बडोद्याहून पहिल्यांदा स्नोबोर्डिंगला निघालेल्या ग्रुपसाठी: तिकिटापासून पहिल्या वळणापर्यंत

उत्तरायण झाली, वासी उत्तरायणपण झाली, गच्चीवरचे मांजाचे गुंते गोळा करून झाले की दरवर्षी ओळखीतल्या कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, की अगं तुम्ही ते बर्फावर फळीवरून घसरायला गेला होतात ना, आम्ही पाच-सहा जण ठरवतोय, काय काय करायचं ते सांग. फोनवर अर्धंच सांगून होतं आणि जे खरं महत्त्वाचं तेच राहून जातं, म्हणून यावेळी सगळं लिहूनच काढते. आम्ही सहा जण होतो, तिघं दांडिया बाजारातले, तिघं कारेलीबागचे, त्यातल्या चौघांनी त्याआधी बर्फ फक्त फ्रीजरमध्ये बघितलेला.

आधी एक गोष्ट सांगते, बाकीचं सगळं त्याच्याच भोवती आहे. स्नोबोर्डिंगचे पहिले तीन दिवस पडण्याचे असतात. सगळ्यांचेच असतात, क्रिकेटवाल्याचे, जिमवाल्याचे, सगळ्यांचे. तेव्हा ट्रिपचा प्लॅन फोटो आणि साइटसीइंगभोवती न बांधता या तीन दिवसांभोवती बांधा. ज्यांनी पाच दिवसांत दोन शहरं, एक तलाव आणि "एक दिवस स्नोबोर्डिंग" असं ठेवलं ते सगळे दुखरी माकडहाडं घेऊन परत आले आणि म्हणाले की आपल्याला नाही जमत. जमतं हो, चौथ्या दिवशी जमतं, पण तो चौथा दिवस ठेवायला पाहिजे ना.

कुठे जायचं

नावं खूप ऐकाल, जपानचं निसेको, जॉर्जियाचं गुदौरी, बल्गेरियाचं बान्स्को. बजेट अगदीच हात आखडून असेल तर आपलं गुलमर्ग आहे आणि तिथे शिकण्यात काहीच कमीपणा नाही. पण पहिल्यांदा परदेशात जायचंय, मित्र सोबत आहेत, सुट्टी आठ दिवसांची आहे, तर मी कझाकस्तानातलं अल्माटी सांगेन. कारण सोपं आहे, जुलै २०२२ पासून भारतीय पासपोर्टवाल्यांना १४ दिवसांपर्यंत तिथे व्हिसा लागत नाही (तिकीट काढायच्या आधी सरकारी साइटवर एकदा बघून घ्याच, नियम बदलतात), दिल्लीहून डायरेक्ट फ्लाइट आहे, साडेतीन तासांच्या आसपास पोचता, आणि शिंबुलाक नावाचा स्की रिसॉर्ट शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर आहे. म्हणजे राहायचं शहरात, स्वस्तात, आणि सकाळी टॅक्सीने किंवा १२ नंबरच्या बसने डोंगराच्या पायथ्याच्या मेदेऊपर्यंत जायचं, तिथून गोंडोला, म्हणजे केबलकार. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे, त्यामुळे झोपेची काही भानगडच नाही.

बडोद्याहून दिल्लीला राजधानीने जा नाहीतर फ्लाइटने, पण मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं काय करतं ते सगळ्यांना माहितीये, गाडीपण लेट आणि विमानपण लेट. आम्ही सहा तासांचं अंतर ठेवलं होतं आणि अक्षरशः धावत गेटवर पोचलो, दोघांच्या बॅगा दुसऱ्या दिवशी आल्या. जमत असेल तर फेब्रुवारी किंवा मार्चचा पहिला आठवडा धरा, बर्फ साठलेला असतो, दिवस मोठा असतो आणि थंडी जानेवारीइतकी बोचत नाही. आणि रिसॉर्टवरचे दिवस सोमवार ते शुक्रवार ठेवा, कारण शनिवार-रविवारी सगळं शहर वर येतं, शिकाऊ उतारावर पाय ठेवायला जागा नसते.

निघायच्या आधीचे दोन महिने

हा भाग सगळे टाळतात. टाळू नका.

स्नोबोर्डवर तुम्ही दिवसभर गुडघे वाकवून अर्धवट बसलेले असता आणि पडल्यावर दर वेळी बर्फातून उठायचं असतं, पन्नास-साठ वेळा तरी. मांड्या आणि पोट तयार नसेल तर दुपारी दोननंतर पाय ऐकत नाहीत, आणि बहुतेक लोकांना लागतं ते नेमकं तेव्हाच. आपल्याकडे डोंगर नाही असं म्हणू नका, पावागड आहे ना तासाभरावर. रोपवे सोडा, पायऱ्यांनी चढा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पायऱ्यांनी उतरा, सावकाश, गुडघे जरा वाकवून. उतरताना मांडीवर जो ताण येतो ना, बोर्डवर तोच येतो. आम्ही दर रविवारी पहाटे जायचो, परत येताना शेवउसळ, सहा रविवार केले आणि त्याचा फरक सगळ्यांना जाणवला. बाकी दिवशी घरी भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं एक-एक मिनिट बसा, तीन वेळा, पुरे.

दुसरं म्हणजे पडायची प्रॅक्टिस. खरंच सांगतेय. हॉलमध्ये दोन गाद्या टाका आणि पडा. मागे पडताना हनुवटी छातीला, हात पोटाशी घ्यायचे, खाली बसत-बसत पाठीवर गोल लोळायचं. पुढे पडताना मुठी बंद आणि कोपरापासूनचा हात आडवा टेकवायचा, तळहात नाही. तळहात टेकवून शरीर सावरायची सवय आपल्याला लहानपणापासूनची असते, ती मोडायला दोन महिने लागतात. याचं कारण पुढे सांगते.

तिसरं, तुमचा पुढचा पाय कुठला ते शोधा. पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत येऊन घसरा, जो पाय आपोआप पुढे जातो तो तुमचा पुढचा. डावा पुढे असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी. दोन्हीत चांगलं-वाईट काही नाही, पण भाड्याच्या दुकानात पहिला प्रश्न हाच विचारतात आणि त्यावरून बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला बांधायचे पट्टे, लावतात.

इन्शुरन्स

ट्रॅव्हल इन्शुरन्स घेतलाय म्हणजे झालं असं समजू नका. साध्या पॉलिसीत बर्फावरचे खेळ बहुतेक वेळा वगळलेले असतात, बारीक अक्षरात. विंटर स्पोर्ट्स किंवा अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्सचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, आणि त्यातही आखलेल्या उताराबाहेर गेलात तर पैसे मिळत नाहीत असं कलम असतं. पॉलिसीचा कागद स्वतः वाचा, स्नोबोर्डिंग हा शब्द शोधा, नसेल तर ईमेलवर लेखी विचारा. आमच्यातल्या एकाने सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतली, मनगट मोडलं, एक्सरे आणि प्लास्टरचा सगळा खर्च त्याच्या खिशातून गेला आणि क्लेम नामंजूर झाला. आम्ही बाकी पाच जणांनी वाटून घेतला खर्च, पण त्याला जो मनस्ताप झाला तो नाही वाटून घेता आला.

कपडे

बडोद्याच्या थंडीत आपण एक स्वेटर आणि कानटोपीवर निभावतो, त्यामुळे बर्फ म्हटलं की सगळे जाडजूड कपडे भरतात, आणि इथेच चूक होते. स्नोबोर्ड शिकताना घाम येतो, भरपूर येतो, आणि सुती कपडा घाम धरून ठेवतो, मग लिफ्टवर, म्हणजे उतारावर वर नेणाऱ्या तारेवरच्या खुर्चीत, बसलात की तोच ओला कपडा गार पडून हुडहुडी भरते. म्हणून अंगाला लागून सुती काही नको, अगदी आतला बनियनसुद्धा नको. अंगाजवळ लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पाणी आत न येणारं जॅकेट आणि तशीच पँट. बस तीन थर. पँट खरी वॉटरप्रूफ पाहिजे कारण तुम्ही निम्मा दिवस बर्फात बसलेले असणार. जॅकेट-पँट अल्माटीत भाड्याने मिळतात, पण थर्मल, मोजे आणि हातमोजे स्वतःचे घ्या, डेकॅथलॉनसारख्या दुकानात मिळून जातात.

मोजे गुडघ्यापर्यंत उंच आणि एकच जोडी. दोन जोड्या घातल्या की घड्या पडतात, रक्त नीट फिरत नाही, पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची पायाची कडपण बुटात घालायची नाही, बुटात फक्त मोजा.

आणि या तीन गोष्टींवर पैसे वाचवू नका: हेल्मेट, मनगटाचे गार्ड, आणि गादी लावलेली आतली शॉर्ट. स्कीचा गॉगल तर लागतोच. सनस्क्रीन जास्त एसपीएफचं घ्या आणि दर दोन तासांनी लावा, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीसुद्धा, कारण ताजा बर्फ अल्ट्राव्हायोलेट किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि ऊन खालूनपण लागतं. आमच्या वहिनींनी ओठांना काही लावलं नाही, दोन दिवस धड खाता आलं नाही त्यांना.

खाणं-पिणं थोडक्यात

तिकडे मांसाहार जास्त, घोड्याचं मांसपण सर्रास. शाकाहारी असाल तर "बेज म्यासा" हे दोन शब्द पाठ करा, रशियनमध्ये म्हणजे मांस नको. भोपळ्याचा सामसा (त्यांचा समोसा), बटाटे, ब्रेड, चीज, सॅलड मिळतं, भारतीय हॉटेलंपण आहेत. ग्रीन बाजारात सुकामेवा आणि सफरचंदं घ्या, अल्माटीच्या नावातच सफरचंद आहे आणि जगभरच्या सफरचंदांचा रानटी पूर्वज याच डोंगरांतला. बाकी मेथीचे थेपले, भाकरवडी आणि लीलो चेवडा बॅगेत असू द्या, दुपारी डोंगरावर खिशातून थेपला काढून खाल्ला की जीवात जीव येतो. यूपीआय चालणार नाही असं धरूनच निघा, फॉरेक्स कार्ड आणि थोडे डॉलर ठेवा, तिथे त्यांचं चलन, टेंगे, करून घ्या. टॅक्सीला यांडेक्स गो अ‍ॅप, भाव आधीच दिसतो.

पहिला दिवस: बूट, बोर्ड आणि उंची

पहिल्या दिवशी वर जा पण बोर्डवर चढायची घाई करू नका. बडोदा समुद्रसपाटीपासून चाळीस मीटरसुद्धा नाही, शिंबुलाकचा पायथाच २२६० मीटरवर आहे आणि सगळ्यात वरचा टप्पा ३२०० मीटरच्या आसपास. डोकं जड होणं, दम लागणं हे होणारच, पाणी पीत राहा, दारू नको, पहिले दोन दिवस सगळ्यात वर जायची गरजच नाही. गोंडोला मेदेऊच्या आइस रिंकवरून वर जातो, हिवाळ्यात शहरावर धुराचा करडा थर असतो, त्यातून केबिन वर निघते आणि एकदम निळंशार आकाश आणि पांढरे डोंगर. आमच्या केबिनमध्ये पाच मिनिटं कोणी बोललंच नाही.

मग भाड्याचं दुकान. तुमचा बुटाचा युरोपियन नंबर, पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये, उंची, वजन, पुढचा पाय कुठला, हे सगळं मोबाइलमध्ये लिहून ठेवा. बूट घातल्यावर सरळ उभं राहिलं की बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत. टाच बिलकुल उचलली जाता कामा नये. बूट घालून दहा मिनिटं दुकानात फिरा, मागे लाइन लागली तरी फिरा. आमच्या एकीला गर्दीत एक नंबर मोठा बूट दिला, तिनेही आरामदायक वाटतोय म्हणून घेतला, आणि दिवसभर तिची टाच आत उचलली जात होती, पाय वळला तरी बोर्ड वळत नव्हता, तिला वाटलं दोष तिचाच आहे. दुसऱ्या दिवशी बूट बदलला आणि तासाभरात बोर्ड ताब्यात आला.

बोर्ड उभा धरला की हनुवटी ते नाक यांच्यामध्ये यावा, नवख्याने थोडा छोटा आणि लवचीक घ्यावा. बाइंडिंगचा कोन दोन्ही पायांना बाहेरच्या बाजूला, पुढचा साधारण १५ अंश, मागचा तेवढाच किंवा थोडा कमी. डिपॉझिट म्हणून पासपोर्ट मागितला तर पैसे किंवा दुसरं ओळखपत्र चालेल का ते विचारा, परक्या देशात पासपोर्ट हातातून सोडू नये.

दुसरा ते चौथा दिवस: उतारावर

इन्स्ट्रक्टर घ्या. रोज दोन तास, निदान दोन दिवस, इंग्रजी बोलणारा हवा असेल तर आधीच बुक करा. मित्राकडून शिकू नका, कितीही चांगला असला तरी. मित्र तुम्हाला त्याच्या स्पीडने वर घेऊन जातो आणि मग खाली कसं यायचं ते तिथे सांगतो. आमचं हेच झालं. पहिल्या दुपारी आमच्यातला एक, ज्याला आधीचा थोडा अनुभव होता, तो म्हणाला चल रे इथे काय लहान मुलांत बसलायस, आणि दुसऱ्याला घेऊन वरच्या लिफ्टवर गेला. खाली येताना त्या दुसऱ्याचा बोर्ड सपाट झाला, उताराच्या खालच्या बाजूची कड बर्फात रुतली, आणि तो मागे पडला तो सरळ उजव्या तळहातावर. मी वीस फुटांवर होते. आवाज नाही आला काही, तो नुसता बसून राहिला आणि हातमोजा काढायचा प्रयत्न करत होता आणि निघत नव्हता. मनगटाचं गार्ड बॅगेत होतं.

स्कीइंगमध्ये गुडघे जातात, स्नोबोर्डमध्ये नवख्यांची मनगटं जातात, कारण दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, पाऊल टाकून सावरता येत नाही, मग हात आपोआप जमिनीकडे जातो. हा खेळ निघालाच तसा, १९६५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन नावाच्या माणसाने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या, त्यातून पुढे हे सगळं झालं. हात असा जमिनीकडे जाऊ नये म्हणूनच ती गाद्यांवरची प्रॅक्टिस.

आता शिकायचा क्रम, इन्स्ट्रक्टर हाच सांगेल, पण आधी माहीत असलं तर डोक्यात गोंधळ होत नाही. सुरुवातीला फक्त पुढचा पाय बांधून सपाटीवर मागच्या पायाने ढकलत चालायचं, कंटाळवाणं आहे पण लिफ्टवरून उतरताना हेच लागतं, अर्धा तास द्या. मग दोन्ही पाय बांधून टाचेची कड, म्हणजे बोर्डची टाचेकडची धार: तोंड दरीकडे, बोर्ड उताराला आडवा, पायाची बोटं वर उचलली की ब्रेक, हळूच खाली केली की बोर्ड सरकतो. ब्रेक-सोड, ब्रेक-सोड असं करत सरळ खाली यायचं. ते जमलं की नजर डावीकडे टाका, बोर्ड डावीकडे सरकतो, उजवीकडे टाका, उजवीकडे. झाडाचं पान हेलकावे खात खाली येतं ना, तसं. एवढं आलं म्हणजे तुम्ही शिकाऊ उतारावरून कुठूनही सुखरूप खाली येऊ शकता, आणि माझ्या मते पहिल्या दिवसाला एवढं भरपूर आहे.

मग चवड्याची कड, पाठ दरीकडे, तोंड डोंगराकडे. भीती वाटते कारण खालचं दिसत नाही. नडग्या बुटाच्या जिभेवर दाबा, कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका, आणि पायांकडे बघू नका, समोर डोंगराकडे बघा.

वळण तिसऱ्या दिवशी. इथे एकच चूक सगळे करतात, घाबरून वजन मागच्या पायावर टाकतात. बोर्डचं तोंड खाली वळायला लागलं की पोटात गोळा येतो आणि शरीर मागे झुकतं, आणि मागे झुकलात की बोर्ड वळतच नाही, सुसाट सरळ जातो. वजन पुढच्या पायावर ठेवा, जिकडे जायचंय तिकडे आधी मान वळवा, मग खांदा, बोर्ड मागून येतो. आणि एक नियम कायम डोक्यात ठेवा, उताराच्या खालच्या बाजूची कड कधी बर्फाला टेकू द्यायची नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी टाचेवरून चवड्यावर गेले आणि न पडता परत टाचेवर आले. दोनच वळणं. बोर्डखालचा खरखर आवाज मध्येच क्षणभर बंद झाला आणि परत सुरू झाला, तो अजून कानात आहे माझ्या.

उतारावरचे नियम आंतरराष्ट्रीय स्की संघटनेचे आहेत, दहा आहेत, त्यातले तीन तरी पक्के करा. तुमच्या पुढे, खालच्या बाजूला जो आहे त्याचा हक्क पहिला, त्याला चुकवणं तुमचं काम. उताराच्या मधोमध किंवा वरून दिसणार नाही अशा उंचवट्याखाली बसायचं नाही, पडलात तर लवकर कडेला व्हा, फोटोसुद्धा कडेला. आणि धडक झाली तर थांबून मदत करायची. आखलेल्या मार्गाबाहेरचा ताजा बर्फ कितीही सुंदर दिसला तरी तिकडे जायचं नाही, तिथे हिमकडे कोसळतात. इमर्जन्सीला ११२.

दुपारी तीनला थांबा. "एक शेवटचा राउंड" हे शब्द ग्रुपमध्ये बंदच करून टाका.

दोन दिवसांनी एक दिवस सुट्टी घ्या, अंग आखडलेलं असतं. अल्माटीत अरासान म्हणून मोठं जुनं स्नानगृह आहे, गरम वाफेत दोन तास बसून आलात की पाय परत तुमचे होतात. ज्यांच्या पायात दम उरलाय त्यांनी मेदेऊच्या धरणाच्या ८४२ पायऱ्या चढाव्यात, पावागडवाल्यांना काही वाटणार नाही.

ग्रुपमध्ये सगळ्यांचा वेग सारखा नसतो. सकाळीच ठरवा की दुपारी एक वाजता सगळे अमुक कॅफेच्या दारात, फोन लागो न लागो, थंडीत बॅटरी पटकन उतरते म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. जो सगळ्यात मागे आहे त्याच्यासोबत रोज एक जण थांबेल, पाळीपाळीने. ज्याचं मनगट मोडलं त्याच्यासोबत आम्ही रोज एक जण खाली थांबलो, त्याने तिथल्या कॅफेत बसून आम्हा सगळ्यांचे व्हिडिओ काढले, आणि पुढच्या वर्षी गार्ड बांधून तोच सगळ्यात आधी बोर्डवर उभा राहिला.

परत आल्यावर जॅकेट आणि थर्मल ओलसर असतानाच बॅगेत कोंबून माळ्यावर टाकू नका, वास येतो आणि वॉटरप्रूफ थरपण खराब होतो. गच्चीत सावलीत दोन दिवस वाळवा, गॉगलची काच कापडाने पुसू नका, नुसती झटकून वाऱ्यावर ठेवा आणि कोरडी झाल्यावर तिच्याच पिशवीत घाला.